सुगंधी तेल जंतू मारतं का? यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी हे वाचा



गटांच्या बैठकीत हल्ली एक विषय वारंवार निघतो. गावात कुणीतरी येऊन गेलेलं असतं. त्याच्या पिशवीत वासाच्या छोट्या बाटल्या असतात आणि रंगीत माहितीपत्रक असतं. त्याचं म्हणणं असं की तुमच्या बांधावर, माळावर, ओढ्याकाठी वासाची झुडपं फुकट उगवतात, त्यांचं तेल काढा. यंत्र आम्ही देतो, कर्ज बँक देते, आणि तेल जंतुनाशक असल्यामुळे बाजारात हातोहात खपतं. मग गटात दोन तट पडतात. एक म्हणते घेऊन टाकू, दुसरी म्हणते आधी शिलाई मशीनचं कर्ज फिटू दे.

त्या माणसाच्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. वासाच्या पाल्यातून तेल निघतं, हे खरं आहे. पण किती निघतं ते तो सांगत नाही. ते तेल जंतू मारतं, हे काही तेलांच्या बाबतीत पक्कं खरं आहे आणि काहींच्या बाबतीत नावापुरतं. हातोहात खपतं, हे तर लेखी घेतल्याशिवाय मानायचंच नाही. आज आपण पहिल्या दोन गोष्टी नीट समजून घेऊ. त्या समजल्या की तिसरीबद्दल काय विचारायचं ते तुम्हालाच कळेल.

वास येतो कुठून

तुळशीचं पान नुसतं हातात धरलं तर वास मंद येतो, चुरगळलं की एकदम सुटतो. पानावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या असतात, त्यात तेल साठवलेलं असतं. चुरगळल्यावर त्या फुटतात. झाडाला शेळीपासून, अळीपासून पळून जाता येत नाही, बुरशी झटकता येत नाही. म्हणून ते पानातच अशी द्रव्यं तयार करतं की खाणाऱ्याला नको वाटावं आणि बुरशीला वाढता येऊ नये. आपल्या सोलापूरच्या कोरड्या माळावर, जिथं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथं जनावरानं न खाल्लेलं जे उरतं त्यात वासाची झुडपं बरीच दिसतात, ते उगीच नाही. बांधावरची घाणेरी, ओढ्याकाठची निर्गुडी, पडीक रानातली उग्र दर्पाची रानतुळस. यातल्या घाणेरीनं जनावराला विषबाधाही होते, पण ती वासाच्या तेलानं नाही, पानातल्या दुसऱ्याच द्रव्यानं. वास ही फक्त दारावरची पाटी समजा.

हे तेल म्हणजे आपलं शेंगतेल किंवा करडीतेल नव्हे. घाण्यातून निघतं ते जड तेल, ते उडून जात नाही. पानातलं सुगंधी तेल हवेत उडतं, म्हणून तर नाकाला कळतं. घरी करून बघा. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एका बाजूला शेंगतेलाचा थेंब टाका, दुसऱ्या बाजूला निलगिरी तेलाचा. कागद सावलीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजेडासमोर धरा. शेंगतेलाचा डाग तसाच असेल, निलगिरीचा जवळजवळ गेलेला असेल. बाजारात "शंभर टक्के शुद्ध तुळस तेल" म्हणून मिळालेली बाटली याच चाचणीला लावा. ठसठशीत तेलकट डाग राहिला तर त्यात जड तेल किंवा बिनवासाचं स्वस्त द्रव्य मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. वाळ्यासारखी काही घट्ट तेलं थोडा डाग ठेवतात, पण तुळस, निलगिरी, गवती चहा यांनी ठेवू नये.

भट्टीत काय होतं

भाताला आधण ठेवलं की झाकणाच्या आतून थेंब जमतात. यंत्रात होतं ते याहून फार वेगळं नाही. मोठ्या भांड्यात पाला भरतात, त्यातून पाण्याची वाफ सोडतात. ही तेलं एकटी तापवली तर दीडशे, दोनशे अंशांच्या पुढं उकळतात आणि तोवर करपतात. पण वाफेच्या सोबतीनं ती शंभर अंशांच्या आतच वर येतात. वाफ आणि तेल नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात जातं, गार होतं, आणि खालच्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. तो काढून घ्यायचा. लवंगेसारखी काही तेलं पाण्याहून जड असतात, ती तळाशी बसतात. तेलाखाली उरतं ते वासाचं पाणी, गुलाबपाण्यासारखं. त्याचाही उपयोग होतो, पण त्यात तेल अगदी नावाला असतं. ते "जंतुनाशक पाणी" म्हणून कुणी विकत असेल तर ती फसवणूक आहे. उलट साठवण नीट नसेल तर त्याच पाण्यात जंतू वाढतात.

आता पहिला खरा प्रश्न, किती निघतं? शंभर किलो ओव्यातून दोन ते चार किलो तेल निघतं, म्हणून ओवा या धंद्यात राजा. निलगिरीच्या शंभर किलो पाल्यातून चांगल्या जातीत किलोभर. गवती चहा आणि रोशा गवतातून साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅम. शंभर किलो हिरव्या तुळशीतून शंभर ते तीनशे ग्रॅम. निर्गुडीतून शंभर ग्रॅम किंवा त्याहून कमी. म्हणजे दहा जणी दिवसभर राबून शंभर किलो निर्गुडी तोडून आणतील, सरपण जाळतील, आणि संध्याकाळी हातात येईल ते एका चहाच्या कपात मावेल.

सरपणाबरोबर पाणीही लागतं. भट्टीत घालायचं थोडं, पण वेटोळं गार ठेवायला सतत लागतं. ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट बघतो, तिथं हा हिशोब आधी मांडायचा. हे नवीन शहाणपण नाही. खानदेशात, नंदुरबार आणि पिंपळनेरच्या बाजूला, एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचं तेल काढायचा मोठा उद्योग होता. तिथले लोक भट्टी गावात लावत नसत, ओढ्याच्या काठावर लावत. पावसाळा संपता संपता गवत तयार होतं आणि ओढ्याला पाणी असतं, तेवढाच त्यांचा हंगाम. तेल जमा करायचं भांडं सरळ वाहत्या पाण्यात ठेवत. पाणी भट्टीकडं आणण्यापेक्षा भट्टी पाण्याकडं नेणं त्यांना कळत होतं.

त्या तेलाची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ते मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्राच्या बंदरांतून तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपलला जायचं, आणि तिथून पुढं गुलाबाच्या महागड्या अत्तरात मिसळलं जायचं, कारण त्याचा वास गुलाबासारखा असतो. युरोपात त्या तेलाचं नाव काय पडलं? तुर्की जिरेनियम तेल. गवत खानदेशातलं, घाम खानदेशातला, नाव तुर्कस्तानचं. आपला माल कुठं जातो, कशासाठी जातो, हे माहीत नसलं की असं होतं.

तेलाच्या पोटात काय आहे

इथून पुढं जरा लक्ष देऊन वाचा, कारण मुख्य गोष्ट इथंच आहे. तुळशीचं तेल, निर्गुडीचं तेल ही नुसती नावं झाली. प्रत्येक तेल म्हणजे पाच-पन्नास वेगवेगळ्या द्रव्यांची खिचडी असते. त्यातलं कोणतं द्रव्य किती आहे, यावर जंतू मरणार की नाही ते ठरतं. झाडाच्या नावावर नाही, वासाच्या जोरावर तर अजिबात नाही.

ओव्यापासून सुरू करू. ओव्याच्या तेलाचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्याहून जास्त भाग एकाच द्रव्याचा असतो, थायमॉल. तेल गार केलं की ते पांढऱ्या खड्यांसारखं बाजूला होतं. आपल्या आज्या त्याला ओव्याचं फूल म्हणत आल्या. गावाकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतं. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एका बाटलीत घालून हलवले की पाणी न घालता आपोआप पातळ होतात, तीच अमृतधारा. यात चमत्कार काही नाही. तीन घन पदार्थ एकमेकांत मिसळले की त्यांचा वितळायचा अंश खाली येतो आणि ते खोलीतल्या उष्णतेलाच वितळतात.

थायमॉल खरोखर जंतू मारतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी हिंदुस्थानातला ओवा पोत्यानं जर्मनीला जायचा, तिथं त्याचं थायमॉल बनायचं आणि औषध म्हणून महाग विकलं जायचं. १९१४ साली युद्ध पेटलं, तो मार्ग बंद झाला, तेव्हा कुठं इथं ते बनवायची धावपळ सुरू झाली. पोटातल्या अंकुशकृमींवरही तेव्हा थायमॉल देत. आता त्याहून सुरक्षित औषधं आहेत, म्हणून आज कुणी तसा प्रयोग करू नये. तोंडाच्या चुळा भरायच्या परदेशी औषधात, लिस्टरिनमध्ये, थायमॉल, निलगिरीतलं द्रव्य आणि पुदिन्याचं फूल शंभराहून जास्त वर्षं आहे. म्हणजे आपल्या फडताळातला ओवा उगीच नावाजलेला नाही.

दुसरं द्रव्य युजेनॉल. दाताच्या डॉक्टरकडं गेल्यावर जो वास येतो तो याचाच. लवंगेच्या तेलात ते भरपूर असतं. आपल्या दारातल्या तुळशीतही बऱ्याचदा तेच मुख्य असतं, म्हणून तुळशीच्या वासात लवंगेची छटा लागते. बऱ्याचदा म्हटलं, कारण तुळशीतही जाती आणि पोटजाती आहेत. कापूर तुळशीत कापूर जास्त. राम तुळशीच्या एका प्रकारात युजेनॉल, दुसऱ्या प्रकारात चक्क थायमॉल. पडीक रानात माजणारी दर्पाची रानतुळस तर तुळशीच्या कुळीतली नुसती भावकीच, सख्खी बहीण नव्हे. तिच्या तेलाची तुळशीशी बरोबरी करून भाव मागितला तर जाणकार गिऱ्हाईक हसेल.

तिसरं जिरेनिऑल, वर सांगितलेल्या रोशा गवतातलं. चांगल्या तेलात ते सत्तर-ऐंशी टक्के भरतं. चौथं सिट्रल, गवती चहाचा लिंबासारखा वास ज्याचा ते. ही दोन्ही जंतूंवर चांगली चालतात, थायमॉल आणि युजेनॉलच्या खालोखाल.

निलगिरीतलं सिनिऑल त्यांच्यापेक्षा मवाळ. चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण जंतू मारण्यात ते थायमॉलच्या जवळपास येत नाही. शिवाय औषधाला लागणारं तेल ज्या निलगिरीचं, ती थंड डोंगरावर वाढते. आपल्याकडं कॅनॉलच्या आणि रस्त्याच्या कडेला लावलेली बहुतेक झाडं वेगळ्या जातीची, तेल कमी आणि हलकं.

निर्गुडी आणि घाणेरीच्या तेलात बहुतेक भाग असा असतो की ज्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन. ही द्रव्यं वासाला उग्र, पण जंतूंवर तुलनेनं दुबळी. याचा अर्थ निर्गुडी टाकाऊ असा करू नका. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तिचा पाला घालतात, धान्याच्या कणगीत किड्यांसाठी ठेवतात. ते ते काम वेगळं. पण "निर्गुडी जंतुनाशक तेल" अशी चिठ्ठी बाटलीवर लावायला तेवढ्यानं आधार मिळत नाही.

आणखी एक अडचण. झाड तेच असूनसुद्धा तेल बदलतं. खानदेशात रोशाचे दोन माल ओळखत, मोतिया आणि सोफिया. मोतिया गोड वासाचा आणि चढ्या भावाचा, सोफिया हलका. बरेच दिवस लोक समजत की गवत एकच, कोवळं कापलं की एक आणि पिकल्यावर कापलं की दुसरं. पुढं वनस्पतीशास्त्रज्ञांनी पाहिलं तर ते दिसायला सारखे पण मुळातच दोन वेगळे प्रकार निघाले, एक उतारावर कोरड्यात वाढणारा, दुसरा सखल ओलाव्यात. एकाच्या तेलात जिरेनिऑल भरपूर, दुसऱ्याच्या कमी. नुसतं डोळ्यांनी बघून भाव ठरवता येत नाही, ते असं. म्हणून मोठा खरेदीदार आज वास घेऊन थांबत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. त्याला जीसी रिपोर्ट म्हणतात. त्यात तेलातली द्रव्यं टक्क्यांसकट छापलेली असतात. यंत्रवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "दादा, तुमच्या यंत्रातून निघालेल्या, आमच्याकडच्या पाल्याच्या तेलाचा जीसी रिपोर्ट दाखवा."

जंतू मरतो म्हणजे नेमकं काय होतं

जंतूच्या अंगाभोवती एक पातळ पडदा असतो, स्निग्ध पदार्थाचा. तेल तेलात मिसळतं हे आपल्याला माहीत आहे. थायमॉलसारखं द्रव्य त्या पडद्यात शिरतं, त्याची वीण सैल करतं, आणि आतले क्षार व इतर गरजेचे पदार्थ बाहेर झिरपू लागतात. फाटलेल्या गोणीतून ज्वारी सांडावी तसं. पुरेसं सांडलं की जंतू संपला.

पण सगळ्या जंतूंची गोणी सारखी नसते. १८८४ साली ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरानं रंग वापरून जंतूंचे दोन गट पाडले, ते आजही चालतात. एका गटाला बाहेरून आणखी एक आवरण असतं, दुहेरी पिशवीसारखं. गळू आणि पू करणारा नेहमीचा जंतू एकेरी गटातला, त्याच्यावर ही तेलं लवकर चालतात. हगवणीचा ई. कोलाय, टायफॉइडचा जंतू हे दुहेरी गटातले, ते जास्त चिवट. आणि गंमत बघा, आपल्या डाळिंबावरचा तेल्या हाही जंतूचाच रोग, झॅन्थोमोनास नावाच्या, आणि तोही दुहेरी आवरणाचा. त्याचं नाव तेल्या पडलं ते पानावर, फळावर तेलकट डाग पडतात म्हणून.

हे मुद्दाम सांगते, कारण सांगोला, पंढरपूर भागात "तुळस तेलाची फवारणी करा, तेल्या जातो" असं सांगणारेही भेटतात. प्रयोगशाळेतल्या बशीत एखादं तेल त्या जंतूला रोखतंही. पण बागेत ते पाण्यात मिसळत नाही, उन्हात उडून जातं, आणि प्रमाण चुकलं तर पानं करपतात. लवंगेचं तेल परदेशात चक्क तणनाशक म्हणून वापरतात, तेवढ्यावरून ओळखा. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. फवारणीचा सल्ला तिथून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्यायचा, बाटली विकणाऱ्याकडून नाही.

बशीतला निकाल आणि घरातला निकाल

माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं, "प्रयोगशाळेत सिद्ध". प्रयोगशाळेत काय करतात? काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य थिजवतात, त्यावर जंतू पसरतात, मधे तेलात बुडवलेली कागदाची छोटी चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न उगवलेलं गोल रिकामं वर्तुळ दिसलं तर ते मिलिमीटरमध्ये मोजतात. चाचणी चांगली आहे, पण तिथं तेल निवळ असतं, जंतू एकाच जातीचा असतो, आणि वेळ अख्खी रात्र. आपल्या फरशीवर धूळ असते, ओट्यावर दुधाचे आणि तेलाचे ओघळ असतात. सुगंधी तेल त्या स्निग्ध घाणीतच मिसळून बसतं, जंतूंपर्यंत पोचतं ते थोडं. म्हणून आधी घाण साफ, मग जंतुनाशक, हा क्रम.

आपल्यातले काही गट पांढरं फिनाईल बनवतात. त्यात जे मुख्य असतं ते पाइन तेल, तेही झाडाचंच सुगंधी तेल. पण ते पाण्यात मिसळावं म्हणून त्याला साबणासारखं मिश्रक घालावं लागतं, म्हणून तर बादलीत ओतल्यावर दुधासारखं पांढरं होतं. मिश्रक न घालता नुसतं तुळस तेल पाण्यात टाकलं तर ते वर तरंगत राहील. फरशीच्या एका कोपऱ्यात सगळं तेल, बाकी कोरडं पाणी. धंदा करायचाच तर शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, भट्टी नंतर.

हात धुण्याच्या साबणाबद्दल तर मी जरा स्पष्टच बोलते. साधा साबण नीट वीस सेकंद चोळून धुतला तर जंतू पाण्याबरोबर निघून जातात. त्यांना मारावं लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली "जंतुनाशक" साबणांमधली १९ रसायनं बंद केली, कारण साध्या साबणापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. तुमचा गट तुळशीचा साबण करत असेल तर तो वासासाठी, हातानं केलेला म्हणून, आपल्या गावचा म्हणून खुशाल विका. तो खोटं न बोलताही विकला जातो.

कायदा आणि घरातली लेकरं

अंगाला लावायचा साबण, तेल, मलम विक्रीसाठी बनवायचं तर औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून, परवाना लागतो. द्रव "जंतुनाशक" म्हणून विकायचं तरी तो कायदा आड येतो. मधुमेह, कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि चिठ्ठीवर नाव गटाचं असतं, मजकूर सुचवणाऱ्याचं नसतं. पाला कुठून तोडायचा हेही बघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून झुडूप तोडता येत नाही, वनखात्याच्या जागेतून परवानगीशिवाय नेता येत नाही. कंपनी तुमच्याकडून रानातली वनस्पती घाऊक घेणार असेल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुगंधी तेल "नैसर्गिक" आहे म्हणून निरुपद्रवी नाही. लहान मुलाच्या पोटात चमचाभर निलगिरी तेल किंवा थोडासा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, मूल बेशुद्ध पडू शकतं. असं झालं तर ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाच्या नाकाला अमृतधारा किंवा पुदिन्याच्या फुलाचं काहीही लावू नये, श्वास अडकू शकतो. निवळ तेल कातडीला लावलं तर भाजल्यासारखं होतं, जखमेवर तर कधीच नको. खोबरेल तेलाच्या शंभर थेंबांत एक-दोन थेंब, तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघायचं. गरोदर बाईनं पोटात घ्यायचं नाही. आणि ही तेलं पेटतात. भट्टीच्या जाळाजवळ तेलाचं उघडं भांडं ठेवून गप्पा मारत बसू नका. बाटली काचेची, गडद रंगाची, काठोकाठ भरलेली हवी. प्लास्टिकला ही तेलं खातात.

घ्यायचंच असेल तर

मी यंत्र घेऊच नका असं म्हणत नाही. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था १९५९ पासून हेच काम करते. तिथं गवती चहा, रोशा यांच्या सुधारित जाती मिळतात, प्रशिक्षण मिळतं. कनौजला अत्तराच्या धंद्यासाठी केंद्र आहे, तिथं तेल तपासूनही मिळतं. ज्यांच्याकडं बारमाही थोडं पाणी आहे, पडीक हलकी जमीन आहे आणि दहा-पंधरा जणींची एकी आहे, त्यांना रानातला पाला गोळा करण्यापेक्षा ठराविक जातीचं गवत लावणं परवडेल, कारण तेल दरवेळी सारखं निघतं. पंढरपूरच्या आसपास ज्या बायका तुळस लावतात त्यांचा तर हिशोब सरळ आहे. विठोबाच्या हारासाठी हिरवी तुळस विकून जे मिळतं ते आणि तेवढ्याच तुळशीच्या शे-दोनशे ग्रॅम तेलाचं मिळेल ते, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. देवाला वाहिलेल्या, दोन दिवस सुकलेल्या हारांचं तेल काढायची कल्पना चांगली वाटते, पण तोवर त्यातलं पुष्कळ तेल हवेत गेलेलं असतं. आधी थोड्यावर करून बघा.

करून बघायचं ते असं. कर्जाच्या आधी यंत्रवाल्याला सांगा की आमच्या गावात, आमच्या पाल्यावर, आमच्यासमोर एक दिवस भट्टी लाव. पाला तोलून घ्या, ओला की सुकलेला ते लिहा. तुळस असेल तर फुलोऱ्यावर आलेली घ्या, तेव्हा तेल भरलेलं असतं. सरपण तोलून घ्या. वेटोळ्यासाठी किती हंडे पाणी गेलं, ते मोजायला एकीला बसवा. किती जणी किती तास राबल्या ते लिहा. शेवटी तेल ग्रॅममध्ये मोजा आणि त्याच तेलाचे दोन नमुने भरा, एक तपासणीला, एक ज्या व्यापाऱ्याचं नाव तो सांगतो त्याच्याकडं. भाव व्यापाऱ्याकडून लेखी घ्या, यंत्रवाल्याच्या तोंडून नको. हा दिवस तो द्यायला तयार नसेल, तर तेही इतिवृत्ताच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा.